डेलिया... दिल से!

ऑफिसमधे कुणाचा फेअरवेल असला की काय होतं? एचआरवाली मुलगी साडेचारला धावत खाली जाते आणि तोच तो बुके घेऊन वर येते. पाच जरबेरा, मागे पामचं एक पान, मधे मधे चमकी मारलेली जिप्सो आणि सगळ्यावर तो खडखडणारा सेलोफेन. फोटो निघतो, समोसे संपतात आणि बुके पॅन्ट्रीतल्या वॉटर कूलरवर सोमवारपर्यंत पडून राहतो.

आता खरं सांगा, डेलियाचा बुके कधी मिळालाय तुम्हाला? नाही ना? मलाही नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे फूल बाजारात चक्कर मारून बघा. झेंडूचे ढीग, शेवंती, निशिगंध, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस, तळेगावच्या पॉलीहाऊसमधले गुलाब... आणि डेलिया शोधत फिरावं लागतं. का बरं? दिसायला तर याच्यापुढे सगळे पाणी कम चाय. वीतभर रुंदीचं फूल, पाकळ्यांची अशी शिस्तबद्ध मांडणी की भूमितीच्या बाईंनी खूश व्हावं, आणि निळा सोडला तर जवळजवळ सगळे रंग.

कारण सोपं आहे. हा गडी प्रवासाला निकामी. जरबेरा किंवा कार्नेशन बॉक्समधे भरून दिल्लीला पाठवा, तिथे उतरून पुन्हा फ्रेश होतात. डेलिया झाडावरून उतरला की त्याचं घड्याळ सुरू होतं. फुलदाणीत चार-पाच दिवस, फार तर सहा. दोन दिवस व्यापाऱ्याकडे गेले तर तुमच्या हातात काय राहणार? म्हणजे हे फूल घरात हवं असेल तर ते आपणच लावलं पाहिजे, नाहीतर लावणारा कुणीतरी जवळ राहायला हवा. गणपती झाले, पाऊस आवरता घेतोय, कुंड्या भरायची हीच वेळ आहे. म्हणून या आठवड्यात डेलिया.

माझी मावशी सहकारनगरला राहते आणि डेलियात तिचा हात कुणी धरू शकत नाही. खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं तिच्या गच्चीवर उभं राहून ऐकलेलं आहे. उरलेल्यातलं बरंचसं माझ्या एका मैत्रिणीकडून आलंय. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि गेली तीन वर्षं चिंचवडला आईवडिलांच्या गच्चीवर डेलिया लावून रविवारी विकते. दोन कॅफे आणि सोसायटीतला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढंच तिचं मार्केट. पण डिसेंबर ते फेब्रुवारी तिची फुलं शनिवारी रात्रीच बुक झालेली असतात. या दोघींची ओळख माझ्या घरी झाली. पुढे त्यावरून बरंच रामायण झालं, ते येईलच.

मेक्सिकोचा पाहुणा

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. मेक्सिको सिटीहून त्याचं बियाणं १७८९ मधे माद्रिदच्या बोटॅनिकल गार्डनला गेलं. तिथल्या काव्हानिल्येस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ मधे त्याला आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. डाल हा लिनियसचा विद्यार्थी. म्हणजे 'डालिया' असायला हवं, पण आपल्याकडे डेलिया रुळलाय तर राहू दे. १९६३ पासून तो मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. त्याचे कंद तिथे पूर्वी खायचेसुद्धा. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या कंदांकडे उपासाला बघू नकोस."

ही जन्मभूमी लक्षात ठेवली की अर्धी बागकाम समजतं. उंचावरचा प्रदेश, लख्ख ऊन, थंड रात्री, पाण्याचा निचरा होणारी जमीन. पुण्याची थंडी त्याला म्हणूनच मानवते. मुंबईत रात्री तेवढ्या गार नसतात, तिथे छोट्या फुलांच्या जाती लावल्या तर निराशा होत नाही. युरोप-अमेरिकेत हे उन्हाळ्यातलं झाड, आपल्याकडे हिवाळ्यातलं. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून एप्रिलमधे कंद लावू नका, प्लीज. आपलं कॅलेंडर असं: सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं, मार्च-एप्रिलमधे पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत कोरड्या वाळूत झोपवायचे.

लावायचं कसं?

कंद घेताना एक गोष्ट बघायची: डोळा. बटाट्याच्या अंगावर कुठेही डोळा असतो, डेलियाचं तसं नसतं. कंद जिथे जुन्या खोडाला चिकटलेला असतो त्या मानेपाशीच डोळे असतात. मान तुटलेला लठ्ठ कंद कितीही देखणा असला तरी तो कुंडीत सहा महिने नुसता बसून राहील.

बारा इंची कुंडी एका झाडाला पुरते. आपली काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो, म्हणून तिच्यात कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि जाडसर वाळू मिसळायची. कंद चार-पाच इंच खोल, आडवा, डोळा वर. आधाराची काठी त्याच वेळी रोवून टाकायची. नंतर आठवण झाली तर काठी नेमकी कंदात घुसते. आणि आता सगळ्यांत अवघड भाग: पाणी घालायचं नाही. माती ओलसर असली की बास, कोंब वर येईपर्यंत हात बांधून बसायचं. नव्या लोकांचे कंद मरतात ते बहुतेक प्रेमानं, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ घातलेल्या मगभर पाण्यानं.

दुसरा मार्ग कटिंगचा, आणि आपल्याकडचे जुने हौशी लोक तोच वापरतात. ऑगस्टमधे कंद ओल्या वाळूत जागे करायचे, तीन इंचांचे कोंब आले की पेराच्या जरा खाली कापायचे आणि कोकोपीटमधे खोचायचे. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. एका कंदातून सहा-सात झाडं सहज. एका झाडाची सोसायटीभर झाडं होतात ती अशी. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

बियाणंही मिळतं, पण त्यातून काय निघेल ते लॉटरी. आपल्याकडे बहुतेक सजीवांना गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियाला आठ. त्यामुळे पोरं आईवर जातील याची काहीच गॅरंटी नाही. आवडलेलं फूल हुबेहूब तसंच हवं असेल तर कंद किंवा कटिंगच.

झाड फूटभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की त्याचा शेंडा खुडायचा. जीवावर येतं, मान्य. पण न खुडलेलं झाड एकच उंच दांडा आणि त्यावर एक फूल घेऊन उभं राहतं. खुडलेलं झाड खालून फुटतं आणि कापायला लांब दांडे देतं. पुढे प्रत्येक दांड्यावर तीन कळ्या येतात. मधली ठेवायची, बाजूच्या दोन मटारएवढ्या असतानाच काढायच्या. खताबद्दल मावशीचं म्हणणं, कळी दिसली की युरिया बंद. नत्र जास्त झालं की पानं रेड्यासारखी माजतात आणि दांडे लुळे पडतात. त्या वेळी पोटॅश असलेलं खत द्यायचं.

आणि कोणते लावायचे? एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात जे ताटाएवढे डेलिया बघून आपण आ वासतो, ते फुलदाणीत सगळ्यांत आधी मान टाकतात. इन्स्टावर लग्नांच्या फोटोंतून गाजलेली ती फिकट कॉफीच्या रंगाची 'कॅफे ओ ले' जात (१९६७ सालची आहे, नवी नाही) तशीच नखरेल. कापून घरात ठेवायला बॉल आणि पॉम्पॉन प्रकार बेस्ट. गच्च पाकळ्यांचे चेंडू, दिसायला साधे पण टिकाऊ. स्थळं बघताना आजी जे सांगते तेच इथेही लागू, पण ते असो.

कापायचं केव्हा, कसं

इथे डेलिया इतर फुलांपेक्षा वेगळा आहे. गुलाबाची कळी आणली तर घरी उमलते. ग्लॅडिओलस तर खालून वर आठवडाभर उमलत राहतो. डेलियाची कळी कापली की कळीच राहते. तो झाडावर जेवढा उमलला तेवढाच. म्हणून पाऊण उमलल्यावर कापायचा, आणि पूर्ण उमलून दोन दिवस झालेला कापायचा नाही. ओळखायचं कसं? फूल उलटं करून मागच्या पाकळ्या बघायच्या. घट्ट आणि टवटवीत असतील तर कापा. कागदासारख्या मऊ, तपकिरी व्हायला लागल्या असतील तर ते फूल झाडाचंच राहू द्या, फोटो काढा आणि वाळल्यावर खुडा.

वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आत. मैत्रीण रविवारी साडेपाचला गच्चीवर असते. शनिवारी रात्री कुठेही असली तरी! दांडा लांब कापायचा, पानाच्या जोडीच्या जरा वर. सुरुवातीला वाटतं, अरे बाजूच्या दोन कळ्या फुकट गेल्या. पण जेवढं खोल कापाल तेवढे पुढचे दांडे लांब येतात. कापल्या कापल्या बादलीत. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाकायची, नाहीतर ती सडून पाणी नासतं.

मग तिची ट्रिक. चहाचं पाणी उकळायच्या आधी जसं वाफाळतं तसं, साधारण सत्तर अंशांचं पाणी स्टीलच्या डब्यात दोन-तीन इंच घ्यायचं, दांड्यांची टोकं त्यात ठेवायची आणि पाणी गार होईपर्यंत तासभर तसंच सोडायचं. नंतर नेहमीच्या पाण्यात. ऐकायला अघोरी वाटतं, पण डेलिया वाढवून विकणारे बरेच जण हे करतात, आणि तिच्याकडे याने एखादा दिवस तरी वाढतो. मी स्वतः शेजारी शेजारी दोन फुलदाण्या ठेवून पाहिलंय. गरम पाण्यातली दीड दिवस पुढे गेली. बाकी नेहमीचंच: पाणी रोज बदला, दांड्याचं टोक रोज थोडं कापा, आणि पिकत्या केळ्यांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नका.

भुरी, मावा आणि कंपनी

जानेवारीत मावशीच्या गच्चीवर एक दिवस असा येतो की खालच्या पानांवर कुणीतरी टाल्कम पावडर शिंपडल्यासारखी दिसते. ही भुरी. द्राक्षबागायतदारांची झोप उडवते ती. पुष्कळांचा समज असा की बुरशी म्हणजे ओल, म्हणून पाणी कमी करा. भुरीला पान ओलं असावं लागत नाही. कोरडे दिवस, गार दमट रात्री आणि एकमेकांना चिकटून ठेवलेल्या कुंड्या एवढं तिला पुरतं. वर्णन ओळखीचं वाटतंय? पुण्याचा हिवाळा आणि वन बीएचकेची बाल्कनी!

उपाय: कुंड्यांमधे अंतर, खालची फूटभर पानं काढून टाकणं, आणि पहिला ठिपका दिसताच फवारणी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात, आणि नीम तेल फवारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्यायचे. ज्यांना घरात गंधक नको त्यांनी एक भाग दूध, नऊ भाग पाणी सकाळच्या उन्हात फवारावं. हा आजीबाईचा बटवा नाही हं. ब्राझीलमधल्या वॅग्नर बेट्टिऑल यांनी झुकिनीच्या भुरीवर दुधाचे प्रयोग करून १९९९ मधे निष्कर्ष छापलेत. डेलियावर मावशीचा अनुभव असा, की लवकर सुरू केलं तर उपयोग होतो. पान पूर्ण पांढरं झाल्यावर दूध चहात घालावं.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, फुलकिडे पाकळ्यांच्या आत लपतात, आणि फेब्रुवारीचं ऊन तापलं की पानांमागे लाल कोळी. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली नीम तेल आणि दोन थेंब लिक्विड सोप. कोळ्यांसाठी पानांची मागची बाजू धुवायची. करड्या बुरशीनं सडलेली फुलं ताबडतोब खुडून टाकायची. कंद काढताना मानेपाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कोंबांचा विचित्र पुंजका किंवा गाठ दिसली, तर तो जिवाणूंचा रोग आहे. कंद आणि माती दोन्ही फेकायची, सुरी धुवायची. इथवर सगळं हातातलं आहे. खर्च थोडा, डोकेदुखी थोडी.

आता जे येतं त्याला औषध नाही.

पिवळ्या शिरा

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मैत्रिणीनं मावशीकडून चौदा कटिंग नेली. सगळी एकाच झाडाची. जांभळा रंग, पाकळ्यांची टोकं पांढरी, मध्यम आकाराचं फूल. १९९८ मधे माझ्या काकांनी महाबळेश्वरहून एक कंद रुमालात बांधून आणला होता, त्याचीच ही पिल्लावळ. जातीचं नाव कुणालाच माहीत नाही, घरात त्याला 'काकांचा' म्हणतात. २०११ मधे काका गेले. तेव्हापासून दर सप्टेंबरला मावशी त्याची कटिंग करते आणि मागेल त्याला देते. कुणाला दिली ते ती एका डायरीत लिहून ठेवते, म्हणजे आपल्याकडचं गेलं तर परत मागता येईल.

डिसेंबरच्या शेवटी मैत्रिणीचा फोटो आला. त्या चौदा झाडांपैकी पाच-सहा बाकीच्यांपेक्षा बुटकी, पानं थोडी वेडीवाकडी, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पिवळा पट्टा. तिचं म्हणणं, लोह कमी पडलंय. तिनं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं खत दिलं. दोन आठवड्यांत काही फरक नाही.

हा फरक नीट समजून घ्या, कारण यावरच सगळं अवलंबून आहे. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. नव्या पानांवर दिसतं, आणि खत दिलं की पुढची पानं सुधारतात. मोझॅक व्हायरसमधे उलटं: पिवळेपणा शिरांच्या कडेनं धावतो, पानाची एक बाजू जास्त, एक कमी, कसाही. एकाच मातीत शेजारी शेजारी लावलेल्या दोन झाडांपैकी एक ठणठणीत आणि दुसरं असं, तर माती दोषी नसते.

डेलियाचा मोझॅक व्हायरस मावा पसरवतो. कीटकनाशकानं मावा मरेपर्यंत त्यानं चोच मारून काम उरकलेलं असतं, त्यामुळे फवारणीचा भरवसा नाही. आणि व्हायरस झाडाच्या पेशींत राहत असल्यानं आजारी झाडाचा प्रत्येक कंद आणि प्रत्येक कटिंग आजारीच. सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे सगळी झाडं लक्षणं दाखवत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत हनू पप्पू यांनी डेलियाच्या व्हायरसांवर बरीच वर्षं काम केलंय. वरून निरोगी दिसणाऱ्या झाडांतही तपासणीत व्हायरस सापडतो. म्हणजे भरघोस फुलणारं, कुणालाही हेवा वाटावा असं झाडही आतून वाहक असू शकतं.

आम्ही तिघी जानेवारीतल्या एका रविवारी मावशीच्या गच्चीवर भेटलो. मैत्रिणीनं बरोबर पानं आणली होती. मावशीची बारा झाडं रांगेत उभी, फुलांनी लगडलेली. मी आणि मैत्रीण एकेक पान उलटसुलट करत होतो. नऊ झाडांत काही नाही. तीनमधे तेच पिवळे पट्टे, फिकट, पण तेच.

"अगं, हे दरवर्षीच असतं थोडंसं," मावशी म्हणाली. "थंडीनं होतं."

"मावशी, तुम्हाला कधीपासून दिसतंय?" मैत्रिणीनं विचारलं.

मावशी जरा वेळ गप्प. "हे गेले त्यानंतर दोन-चार वर्षांनी असेल."

मैत्रिणीच्या साठ कुंड्या पणाला होत्या, हे लक्षात घ्या. तिचा सगळा सीझन. कापणी म्हणजे रोज कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर, आणि कात्रीला रस लागतो. तिनं त्याच संध्याकाळी चौदाच्या चौदा झाडं मुळासकट काढली, त्यातली आठ चांगली दिसत असूनही. कॅरीबॅगमधे बांधून कचऱ्यात, कंपोस्टमधे नाही. नंतर शेजारच्या पाच झाडांवर पट्टे दिसले, तीही गेली. आता ती दोन कात्र्या वापरते: एक चालू, दुसरी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडालेली. झाड बदललं की कात्री बदलायची. (लोखंडाची कात्री गंजते, स्टीलची घ्या, रात्री धुऊन पुसून ठेवा.) व्हायरस मातीत टिकून राहत नाही, त्यामुळे कुंड्या तिनं परत वापरल्या. मात्र कंदाचा तुकडासुद्धा आत राहू दिला नाही, कारण तोच पुन्हा फुटतो.

मावशीचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. मी चौकशी केली. झाडाच्या शेंड्याच्या अगदी टोकावरच्या सूक्ष्म भागापासून टिशू कल्चर करून व्हायरसमुक्त रोप बनवता येतं, डेलियातही ते झालंय. दोन ठिकाणी फोन केला. एका झाडासाठी ते परवडणार नाही, असं दोन्हीकडून अगदी सभ्यपणे सांगण्यात आलं.

माझं मत मी तिला तिथेच सांगितलं होतं: सगळी काढ. नऊ चांगली दिसणारीसुद्धा. तिची इतरही तीसेक झाडं आहेत, शेजारी लावतात, खालच्या आजोबांच्या कुंड्या आहेत. एका झाडासाठी सगळी गच्ची माव्याच्या भरवशावर सोडायची? मावशीनं ऐकून घेतलं आणि चहा टाकायला गेली.

तिनं केलं ते असं. तीन झाडं दुसऱ्या दिवशी गेली. नऊ तिनं सीझन संपेपर्यंत ठेवली, पण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी कात्री, आणि दर तीन दिवसांनी माव्यासाठी पाहणी. सगळी फुलं कापून घरात. मार्चमधे नऊही झाडांचे कंद काढले आणि वाळूत न ठेवता पिशवीत बांधून घंटागाडीत दिले. मी असते तर जानेवारीतच टाकले असते. पण काकांचं झाड माझं नाही.

मग तिनं ती डायरी काढली. सतरा नावं. सतराच्या सतरा जणांना फोन. हे तिला झाडं उपटण्यापेक्षा जड गेलं असं मला वाटतं. दिलेल्या भेटवस्तूबद्दल फोन करून "त्यात आजार असू शकतो" म्हणायचं, आणि तेही बागवाल्या बायकांना! एकजण चिडल्या. बऱ्याच जणांकडचं झाड कधीच मेलं होतं. दोघांनी फोटो पाठवले, पट्टे स्पष्ट. नाशिकच्या एका मावसबहिणीकडे मात्र २००३ मधे नेलेल्या कंदाची झाडं अजून आहेत, म्हणजे मावशीला पिवळे पट्टे दिसायच्या खूप आधी नेलेली. फोटोंत पानं स्वच्छ, दोन वर्षांचे जुने फोटोही स्वच्छ.

मैत्रीण म्हणते, लक्षणं नाहीत याचा अर्थ व्हायरस नाही असा होत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मावशी म्हणते, तेवीस वर्षं दुसऱ्या गच्चीवर, एकही पट्टा नाही, एक संधी द्यायला काय हरकत आहे? तिचंही अगदीच चूक नाही. फक्त ती संधी सहकारनगरच्या गच्चीवर द्यायची नाही, यावर दोघींचं एकमत झालंय. जिथे आसपास एकही डेलिया नाही, अशी जागा हवी. पुढचे चार महिने दर रविवारी नवी पानं उजेडात धरून बघायची, आणि पहिला पट्टा दिसला की चर्चा न करता उपटायचं.

अशी जागा माझी बाल्कनी निघाली. कोथरूड, तिसरा मजला, सहा तास ऊन, कोरफड आणि गवती चहा सोडून काही नाही. नाशिकची तीन कटिंग २ ऑक्टोबरच्या सुट्टीला येतायत. कुंड्या भरून झाल्यात, काठ्या रोवल्यात, मावशीनं एक भिंगही पाठवलंय. आणि कात्री, तिनं बजावलंय, माझी मी घ्यायची. तिची मिळणार नाही.